नऊ नंबरचं पाकीट चौतीसवर अडलं

आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटात, मांसाच्या फ्रिजपासून पंधरा पावलांच्या आत यायला मला तीन वर्षं बंदी आहे. ही बंदी सुपरमार्केटने घातलेली नाही, ते लोक भले आहेत. ती माझ्या सख्ख्या आत्याने घातलेली आहे. पण हे तुम्ही वाचलेलंच नाही असं समजा. मीही लिहिलेलं नाही. बंदी नाही, फ्रिज नाही, आत्या तर नाहीच नाही! आपण सगळे शनिवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात उभे आहोत आणि मी छाती पुढे काढून म्हणतोय, "वीस मिनिटं! मला फक्त वीस मिनिटं द्या!"

प्रकरण बाबांच्या डब्याचं होतं.

बाबा शहरात बस चालवतात. एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला धक्का दिलेला नाही, सिग्नल तोडलेला नाही आणि डबा बदललेला नाही. डब्यात रोज दोन पाव आणि मधे पाकिटातल्या मांसाच्या सहा स्लाईस. गोल, गुलाबी, ओल्या, घाबरलेल्या चुलतबहिणींसारख्या एकमेकींना चिकटलेल्या.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि काटा असा काही वर चढला की डॉक्टरांनी आधी यंत्रावर टिचक्या मारून पाहिल्या, मग बाबांवर. यंत्र ठीक होतं. पाच आठवड्यांनी चालकांची वैद्यकीय तपासणी होती. तिच्यात रक्तदाब बसला नाही तर बाबांच्या हातून स्टिअरिंग जाणार आणि त्यांना डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवणार. तिथे मुख्यतः छत्र्या येतात.

"गच्च भरलेली बस मी रिव्हर्स घालून गल्लीबाहेर काढलेली आहे," बाबा म्हणाले, "आणि आता छत्र्यांना बिल्ले बांधू?"

डॉक्टरांचा सल्ला एका ओळीचा होता: मीठ कमी करा, पाकिटातलं मांस शक्यतो बंद. त्यातलं 'बंद' आईने उचललं, 'शक्यतो' बाबांनी उचललं, आणि दोघं आपापला शब्द घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी डब्यात उकडलेलं गाजर होतं. बाबांनी डबा उघडला, बंद केला आणि झाकणावरचं नाव तपासलं. नाव त्यांचंच होतं.

अकरा दिवस गाजर चाललं. बाराव्या दिवशी बाबांनी मला बाल्कनीत गाठलं. "तू शिकलेला आहेस. मोबाईल आहे तुझ्याकडे. जगात इतकी पाकिटं आहेत, त्यातलं एक तरी चांगल्या घरचं असेल की नाही?"

म्हणून मी वीस मिनिटं मागत होतो. माझ्याकडे ॲप होतं. पाकिटावर फोन धरायचा, ॲप हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवतं. सराव म्हणून मी फोन धरला तर मधे माझा अंगठा आला. ॲप म्हणालं: प्रथिनं भरपूर, मीठ मध्यम, आठवड्यातून दोनदा चालेल.

आईने तो अंगठा पाहिला, ॲप पाहिलं, मला पाहिलं. "असं काही चालणार नाही. वन्सं पास करतील तेच पाकीट घरात येईल."

बाबांचा चेहरा गाजरासारखा झाला. उकडलेल्या.

बाबांची ताई, म्हणजे माझी आत्या, बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली. त्यातली शेवटची चौदा वर्षं ती परीक्षा मंडळात मॉडरेटर होती. म्हणजे बाकीच्या शिक्षकांनी तपासलेले पेपर तपासायची. ज्या शिक्षकांना पोरं घाबरत ते शिक्षक हिला घाबरत. पेपर हातात घेण्याआधी ती त्यावरचं नाव कागद चिकटवून झाकायची. "नाव दिसलं की मन पाघळतं," असं तिचं म्हणणं. तरुणपणी ती ज्या शाळेत नवीनच लागली होती तिथेच बाबा शिकत होते. एका वर्षी अशीच नावं झाकून तिने शेवटच्या परीक्षेचे पेपर तपासले. सगळ्यांचे मार्क वहीत चढवले. मग कागद सोलले. एकोणतीस नंबरच्या पेपरवर चौतीस मार्क होते. पास व्हायला पस्तीस लागायचे. कागदाखाली तिच्याच धाकट्या भावाचं नाव होतं.

मार्क चौतीसच राहिले.

"त्या एका मार्काने माझा इंजिनिअर हुकला," बाबा वर्षातून दोनदा म्हणतात.

"एका मार्काने कुणी इंजिनिअर होत नसतं," आई वर्षातून दोनदा म्हणते.

तर अशी आमची आत्या. फोन केल्यावर अर्ध्या तासात ती सुपरमार्केटच्या दारात हजर! अंगात स्वेटर, गळ्यात दोरीचा चष्मा, पर्समध्ये दोन लाल पेनं आणि एक फूटपट्टी. आतापर्यंत मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत, पण फ्रिजजवळ गारठा असणार हे ओळखून उन्हात स्वेटर घालून आलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

"किती विद्यार्थी?" तिने विचारलं.

मी फ्रिजकडे पाहिलं. "सतरा."

"नावं झाक."

"आत्या, मी ॲप आणलंय..."

"नावं झाक, दीडशहाण्या. आणि चित्रंही झाक. हे बघ, ह्याच्यावर हिरवं पान काढलंय. मांसाच्या पाकिटावर पानाचं काय काम? हे म्हणजे पेपरच्या पहिल्या पानावर नक्षी काढणारं पोरगं. आत काही नसतं."

मी भाजीच्या विभागातून खाकी कागदी पिशव्या आणल्या. एकेक पाकीट पिशवीत घातलं, पिशवीला मागून एक खिडकी फाडली, त्यातून फक्त घटकांची यादी आणि आकड्यांचा तक्ता दिसेल असं. वर चिकटचिठ्ठी लावली आणि एक ते सतरा आसन क्रमांक घातले. फ्रिजमध्ये सतरा बुरखेधारी ओळीने उभे राहिले.

"पाच-पाचच बाहेर काढ," आत्या म्हणाली. "विद्यार्थ्याला उष्णता बाधता कामा नये."

मग तिने ट्रॉली आडवी घातली, तिच्यावर वही ठेवली आणि शंभर मार्कांची पत्रिका आखली. फूटपट्टीने. मीठ चाळीस मार्क, मांस खरोखर किती टक्के त्याला तीस, चरबीला वीस, आणि प्रामाणिकपणाला दहा.

"प्रामाणिकपणा पाकिटावर कुठे छापतात?" मी विचारलं.

"छापत नाहीत. म्हणूनच मार्क आहेत."

पहिलं पाकीट तिने हातात घेतलं, चष्मा नाकावर ओढला आणि वाचायला लागली. मी तुम्हाला सांगतो, वाचणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं! आपण यादी वाचतो ती वरून खाली. आत्या खालून वर वाचत होती.

"सुरुवातीला सगळेच नीट लिहितात. घाण शेवटी असते," ती म्हणाली. "आता तक्ता बघ. मीठ लिहिलेलंच नाही, सोडियम लिहिलंय. का?"

"शास्त्रीय वाटावं म्हणून?"

"आकडा लहान दिसावा म्हणून! अडीचने गुण. आता मीठ आलं. आणि हे शंभर ग्रॅमला नाही, एका वाढपाला आहे. एक वाढप म्हणजे किती, ते शोध."

मी तीन मिनिटं शोधलं. घडीच्या आत, चिकटपट्टीच्या खाली, मुंगीने लिहावं अशा अक्षरात होतं: एक स्लाईस.

"तुझा बाप किती खातो?"

"सहा."

आत्याने ओठ न हलवता हिशोब केला आणि वहीत आकडा लिहिला. तो पाहून माझीच कानशिलं तापली. "एकाच डब्यात दिवसभराचं बरंचसं मीठ उरकतो हा मुलगा," ती म्हणाली. एकोणसाठ वर्षांच्या बसचालकाला 'हा मुलगा' म्हणणारी जगात एवढी एकच व्यक्ती आहे.

एक नंबरला अठरा मार्क पडले. तिने चिठ्ठीवर आधी अंकी लिहिले, मग अक्षरी: अठरा. खाली सही. दोन नंबरला बावीस. तीन नंबरच्या आकड्यांच्या बाजूला '२५ टक्के कमी मीठ' असं लिहिलं होतं.

"कुणापेक्षा कमी?" आत्याने मला विचारलं, जणू मीच ते मुरवलं होतं.

खाली बारीक अक्षरात उत्तर होतं. त्याच कंपनीच्या नेहमीच्या स्लाईसपेक्षा.

"म्हणजे घरात दोन भाऊ, दोघंही नापास, त्यातला हा जरा बरा. प्रामाणिकपणा शून्य!" तीन नंबरला सोळा.

पाच नंबर म्हणत होतं की आम्ही मांस टिकवायचं रसायन, म्हणजे नायट्राइट, वेगळं घातलेलं नाही. आत्या खालून वर वाचत गेली आणि मधेच थांबली. "भाजीचा अर्क. मांसात भाजीचा अर्क कशाला रे? त्या भाजीत तेच द्रव्य आपसूक असतं म्हणून! कॉपी स्वतः आणली नाही, शेजारच्याच्या खिशात ठेवली." तिने पाच नंबरकडे जवळजवळ कौतुकाने पाहिलं. मॉडरेटरला चांगली कॉपी आवडते. मार्क मात्र चौदा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. वीस मिनिटांची पन्नास मिनिटं झाली होती एवढंच. पण दोन माणसं फ्रिजशी थांबून चिठ्ठ्या वाचायला लागली. मग चार झाली. एक कापडी पिशवीवाल्या बाई होत्या, त्यांनी आपल्या ट्रॉलीतून एक पाकीट काढून हळूच पुढे केलं.

"मॅडम, याला किती मिळतील?"

"रांगेत या. नाव झाकून आणा."

बाई गेल्या आणि पाकीट पिशवीत घालून आल्या. तिथेच प्रकरण माझ्या हाताबाहेर गेलं. कारण बाईंच्या मागे एक गृहस्थ उभे राहिले, त्यांच्या मागे एक जोडपं, आणि बघता बघता रांग साबणाच्या विभागापर्यंत गेली. शेवटच्या माणसांना पुढे काय आहे ते माहीत नव्हतं, पण रांग आहे म्हणजे काहीतरी असणारच, म्हणून ते उभे होते. एका आजोबांनी तर पिशवीत घालून पायमोजे आणले.

"मीठ नाही, चरबी नाही," आत्या म्हणाली, "पण मांसही नाही. तीसपैकी शून्य."

आजोबा समाधानाने गेले!

तेवढ्यात मॅनेजर आला. गळ्यात पट्टा, कानात ते बोलायचं यंत्र, कपाळावर घाम. फ्रिजशेजारी कपाळावर घाम आलेला माणूस दिसला की समजावं, हा मॅनेजर. त्याने काय पाहिलं? स्वेटरमधल्या एक करारी बाई, लाल पेन, आखलेली वही, सही केलेल्या चिठ्ठ्या, आणि शेजारी हाताखालचा माणूस म्हणून मी. त्याच्या मनात जे यायचं ते आलं.

"मॅडम, आधी कळवलं असतं तर..." तो हात जोडून म्हणाला.

"आधी कळवून तपासणी होते का?" आत्याने मान वर न करता विचारलं.

मॅनेजरचा घाम गोठला. तो यंत्रात काहीतरी पुटपुटला. दोन मिनिटांत खुर्ची आली, पाणी आलं, टेबल आलं, टेबलावर फुलदाणी आली. फुलदाणीला किमतीची चिठ्ठी होती. मग तो स्वतःहूनच सांगायला लागला. "मॅडम, खालच्या कप्प्याचा दिवा मंगळवारपासून बंद आहे. दुरुस्तीवाला उद्या येतोय. आणि काल एक दही... ते आम्ही काढलं, मॅडम! आम्हीच काढलं!"

"चूक कबूल केलीत, चांगलं आहे," आत्या म्हणाली. "दोन वेळा लिहून काढा."

आणि तो लिहायला बसला! फुलदाणीच्या पलीकडे, वाकून, जीभ किंचित बाहेर काढून.

मी आत्याच्या कानाशी गेलो. "आत्या, तो तुला सरकारी तपासनीस समजतोय."

"मी काही खोटं बोलले का?"

"नाही."

"मग समजू दे. समज चांगली असते."

मधल्या काळात बाबांचे फोन चालूच होते. परीक्षा केंद्राबाहेर पालक येरझाऱ्या घालतात तसे ते घरात घालत होते. मागून चपला ऐकू येत.

"कितीवर आहात?"

"अकरावर."

"सगळ्यात पुढे कोण?"

"नऊ नंबर."

"नऊला किती?"

"आत्या बेरीज करतेय."

नऊ नंबरचं पाकीट खरंच सालस होतं. यादी छोटी होती. वाढप खरंखुरं लिहिलेलं होतं. मांसही बरंच होतं. आत्या त्याच्यावर सात मिनिटं बसली. मिठाचे चाळीसपैकी पाच, मांसाचे तीसपैकी चौदा, चरबीचे वीसपैकी आठ, प्रामाणिकपणाचे दहापैकी सात. मी बोटांवर बेरीज केली. मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर केली.

चौतीस.

सतरापर्यंत तपासून झालं. दुसरं कुणीच तिशीच्या वर नव्हतं.

फोन परत वाजला. मी तो आत्याच्या हातात दिला. असल्या बातम्या घरातल्या मोठ्या माणसाने द्याव्यात.

"चौतीस," आत्या म्हणाली.

पलीकडे चपला थांबल्या. मग बाबांचा आवाज आला, अगदी बारीक, पण फोन लांब असूनही मला ऐकू आला. "ताई... परत चौतीस?"

आत्याने फोन मला दिला, पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाली, "मी जरा पाणी पिऊन येते," आणि टेबलावरचा भरलेला ग्लास तिथेच ठेवून लांबच्या टोकाला निघून गेली.

आता मी जे केलं ते मी केलेलं नाही असं आपलं आधीच ठरलं आहे. टेबलावर लाल पेन होतं, समोर नऊ नंबर होतं आणि डोळ्यांसमोर बाबा छत्रीला बिल्ला बांधत होते. मी चिठ्ठीवरच्या चारात एक रेघ घुसवली. त्याचा पाच काही होईना, चारही राहीना, बुटाच्या नाडीला निरगाठ बसावी तसं काहीतरी झालं. मी आणखी एक रेघ ओढली. आता ती गाठ दातांनीच सुटली असती.

"पुढे अक्षरी चौतीस लिहिलंय," माझ्या मागून आवाज आला. "त्याचं काय करणार होतास?"

मी वळलो. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. पायमोजेवाले आजोबासुद्धा.

"बत्तीस वर्षं," आत्या अगदी शांतपणे म्हणाली, "मी अक्षरी लिहिते ते तुझ्यासारख्यांसाठीच. तीन वर्षं! या फ्रिजपासून पंधरा पावलं लांब. आत्तापासून."

मी पावलं मोजत मागे गेलो. पंधरावं पाऊल नेमकं ताज्या मांसाच्या काउंटरपाशी पडलं. तिथले काका, हातभर सुरी, पांढरा ॲप्रन, गेले दोन तास सगळा तमाशा बघत होते.

"मॅडम," ते तिथूनच ओरडले, "आमच्यातला एक बसवू का परीक्षेला?"

"पाकीट आहे?" आत्याने विचारलं.

"पाकीट नाही. कोंबडी आहे."

"बहिःस्थ विद्यार्थी," आत्या स्वतःशी म्हणाली आणि वही घेऊन काउंटरशी आली. "घटक सांगा."

"कोंबडी."

"पुढे?"

"कोंबडीच."

"मीठ?"

"तुम्ही घालाल तेवढं."

"अर्क, रंग, घट्ट करायची पूड, काही?"

काकांनी कोंबडीकडे पाहिलं, मग आत्याकडे. "मॅडम, यात दुसरं काही लपवायला जागाच नाही."

आत्याने चष्मा काढून पुसला आणि कोंबडीकडे परत एकदा पाहिलं. चार पानांच्या पुरवण्या तपासून दमलेल्या माणसापुढे कुणीतरी एका शब्दाचं बरोबर उत्तर ठेवावं, तसं झालं. तिने मार्क दिले: मीठ चाळीस, मांस तीस, प्रामाणिकपणा दहा, चरबी अठरा. अठ्ठ्याण्णव.

"दोन कशाला कापले?" काका दुखावले.

"पैकीच्या पैकी मी देत नाही. पुढच्या वेळी सुधारायला जागा हवी."

"पुढच्या वेळी दुसरी कोंबडी असते, मॅडम."

"मग तिला सांगा."

निघताना मॅनेजर दोन प्रती लिहून तयार होता. त्याने भेटीचं रजिस्टर पुढे केलं. आत्याने लिहिलं: 'फ्रिज स्वच्छ. विद्यार्थी नापास. मॅनेजर होतकरू.' सही केली. मॅनेजरने ते वाचलं, डोळे पुसले आणि धीर करून विचारलं, "मॅडम, आपलं खातं कोणतं?"

"गणित," आत्या म्हणाली आणि बाहेर पडली.

तीन तास दहा मिनिटं झाली होती.

घरी आल्यावर आईच्या हातून तिने स्वयंपाकघर काढून घेतलं. कोंबडीचा छातीचा तुकडा मिरं आणि लिंबू लावून वाफवला, फ्रिजमध्ये गार केला आणि मग फूटपट्टी लावून काप काढले. दोन-दोन मिलिमीटर! एकही कमी नाही, जास्त नाही. सहा काप पावात मांडले, डबा बंद केला, वर भावाचं नाव लिहिलं.

"नाव का लिहिलंस?" मी विचारलं. "मन पाघळतं म्हणालीस ना?"

"तू बोलू नकोस. तुझ्यावर बंदी आहे."

बाबांनी पहिला घास घेतला तेव्हा आम्ही तिघंही बघत होतो. ते चावत राहिले. "त्या पाकिटासारखं नाही," ते म्हणाले. मग आणखी चावले. "पण हे कोंबडीसारखं लागतंय. गंमतच आहे!"

तीन आठवडे, रोज, आत्या सकाळी यायची, काप काढायची आणि बाबा निघायच्या आत परत जायची. थांबली असती तर बाबा आभार मानतील याची तिला धास्ती होती.

मग तपासणी झाली. बाबा कागद फडकवत आले ते थेट आत्याच्या घरी. मी सोबत होतो.

"ताई, पास!"

"किती?"

"एकशे अठ्ठावीस."

"शंभरपैकी?"

"याच्यात जास्त मार्क म्हणजे वाईट असतं, ताई."

आत्याने कागद उजेडात धरला आणि खालून वर वाचला. वाचून झाल्यावर दुमडला, आणि परत न देता आपल्या पर्समध्ये ठेवला. लाल पेनं ठेवते त्या कप्प्यात. एवढंच. परत येताना बाबांनी रस्त्यात दिसलेल्या प्रत्येक छत्रीकडे फार मोठ्या मनाने पाहिलं.

तर असं हे सगळं घडलं नाही. माझ्यावर बंदी नाही आणि मी खालील अर्जही केलेला नाही, जो मी काल आत्याच्या दाराखालून आत सरकवला:

माननीय माजी मॉडरेटर यांस,

विषय: बंदी उठवणे व मार्क वाढवून मिळणेबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की, अर्जदाराचे वर्तन मागील तीन आठवडे समाधानकारक असल्याने त्याची फ्रिजबंदी पंधरा पावलांवरून किमान दहा पावलांवर आणावी. तसेच आसन क्रमांक नऊ हे पाकीट गरीब, होतकरू व सतरा जणांत पहिले असल्याने त्यास एक वाढीव मार्क देऊन पस्तीस (अक्षरी: पस्तीस) करावेत, म्हणजे ते महिन्यातून एकदा घरी येऊ शकेल. आणि याच एका मार्काच्या आदेशाखाली, फार जुन्या एका वर्षाच्या गणिताच्या पेपरातील आसन क्रमांक एकोणतीस याचाही फेरविचार व्हावा. सदर विद्यार्थी आजही बस वेळेवर आणतो, आणि निकालाची वाट पाहत आहे.